दगडाचे पीठ, पिठाचा दगड

ओले काँक्रीट साच्यात ओतल्यावर ते सुकून कडक होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु सुकणे म्हणजे पाणी निघून जाणे असा अर्थ घेतला, तर काँक्रीट सुकून नव्हे, पाणी धरून कडक होते. म्हणूनच ते पाण्याखाली ओतले तरी घट्ट होते आणि कडक उन्हात त्यातले पाणी उडून गेले तर मात्र कच्चे राहते. चुनखडक आणि माती एकत्र भाजून व दळून केलेली, पाण्याशी रासायनिक संयोग पावताच घट्ट होणारी भुकटी म्हणजे सिमेंट. आणि या भुकटीच्या लगद्याने वाळू व खडी सांधून जो कृत्रिम दगड तयार होतो ते काँक्रीट. भट्टीतील आग दगडाच्या घटकांची जुनी जुळणी मोडून नवी, पाण्यासाठी आसुसलेली जुळणी घडवते आणि बांधकामावर पाणी ते काम पुरे करते. पहिला टप्पा कारखान्यात, यंत्रांच्या नजरेखाली पार पडतो. दुसरा उघड्यावर, घाईगर्दीत आणि अनेकांच्या हातून पार पडतो. चांगल्या सिमेंटाचे वाईट काँक्रीट होते ते बहुधा या दुसऱ्या टप्प्यातच.

चुन्याची मर्यादा

सिमेंटाच्या आधी हजारो वर्षे बांधकामाचा सांधा चुन्याचा होता. चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो उकळल्यासारखा तडतडून विरतो, आणि वाळूत मिसळून भिंतीत घातल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून पुन्हा चुनखडकाकडे वळतो. महाराष्ट्रात जुन्या बांधकामांसाठी बैल जुंपलेल्या घाणीत, दगडी चाकाखाली चुना आणि वाळू मळली जाई, कोकण किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना केला जाई आणि मुंबईतील चुनाभट्टी हे उपनगर आपल्या नावात या व्यवसायाची खूण बाळगून आहे. मात्र घट्ट होण्यासाठी या चुन्याला हवा लागत असल्याने जाड भिंतीच्या पोटात तो दीर्घकाळ मऊ राहतो आणि पाण्याखाली तर घट्ट होतच नाही.

या मर्यादेवरचा तोडगा रोमन बांधकाम करणाऱ्यांना ज्वालामुखीच्या राखेत सापडला. नेपल्सजवळील पोत्सुओली येथील राखेतील सिलिका चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संयोग पावते आणि पाण्यात न विरघळणारा बंध तयार होतो. अशा द्रव्यांना त्या गावावरूनच पोझोलान म्हणतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये बांधलेल्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट अशाच काँक्रीटचा आहे आणि त्यात लोखंडी गज नाहीत. भारतातील गवंडी चुन्यात भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळत, त्यामागचे रसायनशास्त्रही हेच होते.

आधुनिक सिमेंटाची वाट इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका दीपगृहाने दाखवली. १७५६ पासून एडिस्टोन दीपगृहाच्या बांधणीचे काम पाहणाऱ्या जॉन स्मीटन या अभियंत्याला, समुद्राच्या लाटांत टिकेल असा चुना शोधताना, निर्भेळ चुनखडकापेक्षा मातीचा अंश असलेल्या चुनखडकाचा चुना पाण्यात अधिक चांगला घट्ट होतो असे आढळले. भेसळ मानली गेलेली मातीच गुणकारी आहे, हे एकदा कळल्यावर ती मोजून मिसळणे ही पुढची पायरी होती, आणि फ्रान्समध्ये लुई विका याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धतशीर प्रयोगांनी गाठली. १८२४ मध्ये लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने आपल्या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि कडक झाल्यावर त्याचे रंगरूप पोर्टलंड बेटावरील नामांकित इमारती दगडाशी मिळतेजुळते असल्याने त्याला ‘पोर्टलंड सिमेंट’ असे नाव दिले. हे नाव आजही पोत्यांवर छापले जाते, परंतु ॲस्पडिनचा माल आजच्या अर्थाने सिमेंट नव्हता, कारण त्याच्या भट्टीचे तापमान पुरेसे उंच नव्हते. मिश्रण अर्धवट वितळेपर्यंत भाजले पाहिजे, हे पुढील दोन दशकांत इतर उत्पादकांना उमगले, आणि पूर्वी जास्त भाजला म्हणून फेकून दिला जाणारा काचेसारखा कठीण गोळाच खरा माल ठरला.

खडकाची निवड

भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे समुद्री शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. व्यापारी पायावर उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये पोरबंदर येथे. सिमेंटाचा कारखाना बाजारपेठेजवळ नव्हे, तर खाणीजवळ उभा राहतो, याचे कारण सरळ आहे: एक टन भाजलेला माल मिळवण्यासाठी सुमारे दीड टन चुनखडक लागतो आणि त्यातील मोठा भाग वायूरूपाने निघून जात असल्याने तो दूरवर वाहून नेणे परवडत नाही. महाराष्ट्राचा नकाशा या नियमाचे उत्तम उदाहरण आहे. राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकाने झाकलेला आहे आणि त्यात सिमेंटाजोगा चुनखडक नाही. परंतु विदर्भाच्या पूर्वेकडे, पैनगंगेच्या खोऱ्यात, या लाव्ह्याहून कितीतरी जुने चुनखडकाचे थर उघडे पडले आहेत. म्हणूनच राज्यातील मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर या परिसरात एकवटले, आणि कोळशाच्या खाणीही जवळच असल्याने भट्टीच्या इंधनाची सोय आपोआप झाली. उलट काँक्रीटमध्ये वजनाने सर्वांत अधिक लागणारी खडी बेसॉल्टपासून राज्यात जवळजवळ कोठेही फोडता येते. अर्थात सिमेंट दुरून आणि खडी गावाशेजारून, अशी येथील बांधकामाची विभागणी निसर्गानेच ठरवून दिली आहे.

खाणीतून आलेला दगड फोडून त्यात चिकणमाती किंवा शेल आणि गरजेनुसार लोहयुक्त खनिज मिसळतात. ढोबळमानाने चार भाग चुनखडक आणि एक भाग माती असे हे प्रमाण असते. चुनखडक कॅल्शियम पुरवतो, तर माती सिलिका, ॲल्युमिना आणि लोह. प्रमाणातील किंचित चूकही पुढे महागात पडते, कारण चुना जास्त झाला तर तो संयोगाविना मोकळा राहून नंतर भिंतीत फुगतो आणि कमी झाला तर सिमेंट दुबळे होते. म्हणून कारखान्याची प्रयोगशाळा ठरावीक वेळाने नमुने तपासून मिश्रण सुधारत राहते. हे मिश्रण दळून त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करतात. कारण भट्टीत ते पूर्णपणे वितळत नाही, त्याचे कण एकमेकांना भिडून संयोग पावतात आणि कण जितके बारीक तितका हा संयोग पुरा होतो.

भट्टीच्या आत

हे चूर्ण प्रथम शंभर मीटरपर्यंत उंच असलेल्या तापक मनोऱ्याच्या माथ्यावर सोडतात. मनोऱ्यात एकाखाली एक बसवलेल्या नरसाळ्याच्या आकाराच्या पात्रांतून चूर्ण खाली उतरते आणि भट्टीतून येणारे तप्त वायू वर चढतात. या भेटीत वायूंची उष्णता चूर्णाला मिळते व इंधनाची मोठी बचत होते. मनोऱ्याच्या पायथ्याशी वेगळे इंधन जाळून चूर्ण सुमारे ९०० अंशांपर्यंत नेतात, तेव्हा चुनखडकातील बहुतेक कार्बन डायऑक्साइड तेथेच निघून जातो. जुन्या चुनाभट्टीचे संपूर्ण काम येथे भट्टीच्या दारातच आटोपते.

पुढची फिरती भट्टी ही आतून उष्णतारोधक विटांनी मढवलेली, किंचित उतरती बसवलेली आणि स्वतःभोवती संथपणे फिरणारी पोलादी नळी असते. तिचा व्यास साधारण चार ते सहा मीटर असतो. वरच्या टोकाने आत आलेला माल फिरत-घरंगळत खालच्या टोकाकडे सरकतो, जेथे दळलेल्या कोळशाची ज्वाला सुमारे २००० अंशांपर्यंत पोचते आणि प्रत्यक्ष माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापतो. या तापमानाला ॲल्युमिना आणि लोह यांचे संयुग वितळून मालाचा सुमारे चौथा हिस्सा द्रवरूप होतो, आणि त्या द्रवात चुना व सिलिका यांची गाठ पडून सिमेंटाचे प्राणद्रव्य तयार होते: ट्रायकॅल्शियम सिलिकेट. त्याशिवाय डायकॅल्शियम सिलिकेट आणि ॲल्युमिना व लोह यांची आणखी दोन संयुगे, अशा चार मुख्य घटकांचे राखाडी, खडबडीत गोळे भट्टीच्या टोकाशी बाहेर पडतात. या गोळ्यांना क्लिंकर म्हणतात.

क्लिंकर बाहेर पडताच त्यावर थंड हवेचा जोरदार झोत सोडतात. ट्रायकॅल्शियम सिलिकेट उच्च तापमानालाच स्थिर असते. ते सावकाश निवू दिले तर काही अंशी विघटित होते, परंतु झटकन थंड केले की विघटनाला वेळच मिळत नाही आणि ती अवघडलेली, संयोगास उत्सुक रचना तशीच गोठून राहते. सिमेंट पाण्याशी इतक्या तत्परतेने का संयोग पावते, याचे मूळ या गोठवलेल्या अस्थिरतेत आहे. थंड झालेला क्लिंकर तीन ते पाच टक्के जिप्समबरोबर दळला की साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते आणि त्याची ५० किलोची पोती भरली जातात. हे पीठ इतके बारीक असते की एका किलोतील सर्व कणांचे एकत्रित पृष्ठफळ साधारणतः ३०० चौरस मीटरच्या आसपास भरते.

पाणी काय करते

सिमेंटात पाणी पडताच प्रथम ॲल्युमिनायुक्त घटक इतक्या वेगाने प्रतिक्रिया देतो की केवळ क्लिंकर दळून वापरला असता तर माल घमेल्यातच आळून गेला असता. जिप्सम तेथे उपयोगी पडते: ते या घटकाच्या कणांवर सूक्ष्म स्फटिकांचा थर चढवून त्यास रोखून धरते, आणि माल मिसळून, वाहून, ओतून, दाबून होईपर्यंत एक-दोन तासांचा अवधी मिळतो. भारतीय मानकानुसार सिमेंटाचे प्राथमिक आळणे ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि अंतिम आळणे ६०० मिनिटांच्या आत पुरे झाले पाहिजे.

या शांत काळानंतर खरी घडण सुरू होते. दोन्ही सिलिकेटे पाण्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा अतिसूक्ष्म, एकमेकांत गुंतलेल्या तंतू व पापुद्र्यांचा जेल तयार करतात आणि काँक्रीटची शक्ती प्रामुख्याने याच जेलची असते. याखेरीज विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मुक्त होतो. ट्रायकॅल्शियम सिलिकेट पहिल्या काही आठवड्यांत शक्ती देते, तर डायकॅल्शियम सिलिकेट महिनोन्‌महिने सावकाश काम करत राहते. या प्रक्रियेला जलसंयोग म्हणतात आणि ती चालू राहण्यासाठी मालात ओल टिकून राहणे एवढीच अट असते. सात दिवसांत काँक्रीट साधारणपणे आपल्या अपेक्षित शक्तीच्या दोन-तृतीयांश गाठते. २८ दिवसांची शक्ती ही मोजमापाची रूढ पायरी असली, तरी ओल असेल तोवर ती त्यापुढेही वाढत राहते.

जलसंयोगात उष्णताही बाहेर पडते. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते, परंतु धरणाच्या अजस्र देहात ती कोंडून आतला भाग तापतो, बाहेरचा निवतो आणि या ओढाताणीत भेगा पडतात. अमेरिकेतील हूव्हर धरण १९३० च्या दशकात बांधताना काँक्रीटमध्ये पोलादी नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळवले गेले, ते यासाठीच. महाराष्ट्रातील घाटघर येथील धरणात वेगळा मार्ग अवलंबला गेला: सिमेंट कमी व वीजकेंद्रातील राख अधिक असलेले कोरडसर काँक्रीट थरांनी पसरून त्यावर रूळ फिरवला गेला, आणि या पद्धतीचे ते भारतातील पहिले धरण मानले जाते.

काँक्रीटची घडण आणि पाण्याचा हिशेब

काँक्रीटच्या आकारमानाचा साधारण ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळू यांचा असतो. २० मिलिमीटर आणि १० मिलिमीटर खडी, मग वाळू, अशा उतरत्या आकारांची योजना केली की मोठ्या कणांमधील पोकळी लहान कण भरून काढतात आणि उरलेली जागा भरण्यापुरताच सिमेंटाचा लगदा लागतो. सिमेंट हा सर्वांत महाग घटक असल्याने ही भरणी जितकी दाट, तितके काँक्रीट स्वस्त आणि मजबूतही. नदीतील वाळूच्या उपशावर निर्बंध आल्यापासून महाराष्ट्रात बेसॉल्ट दळून केलेली क्रश सँड मोठ्या प्रमाणावर वापरात आली आहे. तिचे कण टोकदार आणि त्यात कच अधिक असल्याने तिला पाणी थोडे जास्त लागते आणि त्याचा हिशेब मिश्रणात धरावा लागतो.

काँक्रीटची प्रत ‘एम’ या अक्षरापुढील आकड्याने सांगतात. एम २० म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला असता दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसेल असे काँक्रीट. घरगुती बांधकामात त्यासाठी सिमेंट, वाळू आणि खडी यांचे १ : १½ : ३ असे प्रमाण रूढ आहे, मोठ्या कामांत मात्र प्रत्यक्ष वापरायच्या मालाच्या चाचण्या करून मिश्रण आखतात. घमेल्याने मोजण्यात एक छुपी चूक दडलेली असते: ओलसर वाळूचे कण पाण्याच्या पापुद्र्यामुळे एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू २५ ते ३० टक्क्यांपर्यंत फुगते, त्यामुळे तितकीच घमेली भरूनही प्रत्यक्षात वाळू कमी पडते. वजनाने मोजणी करणारे कारखानी काँक्रीट अधिक भरवशाचे ठरते ते या कारणाने.

तरीही सर्वांत निर्णायक प्रमाण पाण्याचे आहे. सिमेंटाच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक संयोगात बांधले जाते आणि जेलच्या सूक्ष्म छिद्रांत अडकणारे पाणी धरले तरी ही गरज ४० टक्क्यांच्या आसपास थांबते. परंतु इतक्या पाण्यात केलेला माल घट्ट असतो, तो गजांच्या जाळीतून सहज उतरत नाही, आणि काम हलके व्हावे म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओतली जाते. एका पोत्याला २५ लिटर पाणी असेल तर पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर ०.५ होते, त्यात केवळ पाच लिटर वाढवले की ते ०.६ होते. हे जादा पाणी कालांतराने उडून जाते, पण आपली जागा रिकामी ठेवून जाते, आणि त्या सूक्ष्म वाटांचे जाळे काँक्रीटला दुबळे व सच्छिद्र करते. गुणोत्तर वाढले की शक्ती घटते हा नियम अमेरिकेतील डफ एब्रम्स याने १९१८ मध्ये चाचण्यांच्या आधारे मांडला. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सळई घातलेल्या काँक्रीटसाठी हे गुणोत्तर सौम्य परिस्थितीत ०.५५ पेक्षा आणि किनारी हवेत ०.४५ पेक्षा अधिक नसावे. माल पातळ हवाच असेल तर पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर नावाची रसायने वापरतात. ती सिमेंटाच्या कणांचे पुंजके मोकळे करून त्याच पाण्यात माल वाहता करतात.

ओतलेला माल व्हायब्रेटरने हलवून त्यात अडकलेली हवा काढावी लागते, कारण पाच टक्के पोकळी राहिली तरी शक्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते. मात्र व्हायब्रेटर अति चालवला तर खडी तळाशी बसते आणि पाणी वर येते. यानंतर पाणी मारण्याचे काम सुरू होते, ज्याला क्युरिंग म्हणतात: स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साचवतात आणि कॉलमांना ओले गोणपाट गुंडाळतात. मानक साध्या सिमेंटासाठी किमान सात दिवस आणि राख वा पोलाद कारखान्यांतील धातुमळी मिसळलेल्या सिमेंटासाठी किमान दहा दिवस ओल राखण्यास सांगते. मिसळताना पाण्याची उधळण आणि नंतर पाण्याची कंजुषी हा अनेक बांधकामांवरील उलटा व्यवहार आहे.

गज आणि गंज

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या सुमारे दहाव्या हिस्स्याइतकीच असते. बीमवर भार पडला की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून ताणाच्या बाजूला पोलादी गज घालतात. झाडांच्या कुंड्या मजबूत करण्यासाठी त्यात लोखंडी जाळी घालणारा फ्रेंच बागकामगार जोसेफ मोनिए याने १८६७ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. ही जोडी टिकते याची दोन कारणे आहेत: उष्णतेने दोन्ही द्रव्ये जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, आणि जलसंयोगात सुटलेल्या चुन्यामुळे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, ज्यामुळे गजावर संरक्षक थर तयार होऊन गंज रोखला जातो.

परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरून ही अल्कता हळूहळू कमी करतो आणि खाऱ्या हवेतील क्लोराइड तर गजावरील थर थेट भेदतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो आतून रेटा देऊन काँक्रीटची खपली पाडतो. मुंबईतील किंवा गोव्यातील जुन्या इमारतींच्या छज्ज्यांखाली उघडे पडलेले तांबूस गज हे याचेच लक्षण. गजावरील काँक्रीटचे आवरण किती जाड आणि किती दाट, यावर गज उघडे पडण्याचा दिवस किती लांबणार ते ठरते. आणि दाटपणा पुन्हा पाण्याच्या हिशेबावरच येऊन थांबतो.

भाजण्याची किंमत

जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचा सुमारे सात ते आठ टक्के भाग सिमेंट उद्योगाचा आहे. एक टन क्लिंकर होताना केवळ चुनखडकाच्या विघटनातून अर्ध्या टनाहून अधिक वायू सुटतो आणि इंधनाचा धूर त्याशिवाय असतो. भट्टी सौर विजेवर चालवली तरी पहिला भाग उरतोच, कारण तो इंधनातून नव्हे, खुद्द दगडातून येतो. म्हणून उपाय शोधला जातो तो मुख्यतः क्लिंकर कमी वापरण्याचा. वीजकेंद्रातील राख मिसळून केलेल्या पोझोलाना सिमेंटात राखेचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आणि पोलाद कारखान्यांतील धातुमळीच्या सिमेंटात मळीचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत असू शकते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे नवे सिमेंट स्वित्झर्लंड आणि भारत येथील संशोधकांच्या सहकार्यातून विकसित झाले असून भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्यासाठी मानकही जाहीर केले.

या सर्व सिमेंटांमध्ये राख, मळी किंवा भाजकी माती जलसंयोगात सुटलेल्या चुन्याशी संयोग पावून जादा जेल तयार करते. पोत्सुओलीची राख आणि सुरखी जे काम करत, तेच. त्यातून काँक्रीट अधिक दाट होते, परंतु ही दुसरी प्रतिक्रिया संथ असल्याने तिला ओल अधिक दिवस लागते. म्हणजे क्लिंकर वाचवण्याचे कारखान्यातील श्रेय बांधकामावर पाणी मारण्यात हयगय झाली तर वाया जाते, आणि साठ वर्षे टिकायची इमारत तीस वर्षांत पाडावी लागली तर तिच्यासाठी तोच दगड दोनदा भाजावा लागतो. सिमेंटाच्या पर्यावरणीय किमतीचा हिशेब भट्टीच्या धुराड्यापाशी सुरू होत असला, तरी तो पूर्ण होतो मिक्सरमध्ये ओतलेल्या बादल्यांच्या संख्येत आणि स्लॅब ओला ठेवलेल्या दिवसांत.